लाल दिवा, कातळ आणि आजेसासऱ्यांच्या नावाचा मीटर

देवगड तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. झेडपीच्या शाळेत शिकवतात, घर सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, शाळा लांब, जाऊन-येऊन रोजचे 65 किलोमीटर. नुकतीच इलेक्ट्रिक कार घेतलीय, 24 युनिटच्या बॅटरीची. पत्र मोठं आहे, कामाचं तेवढं देतो:

"गाडी मांगरात (घराबाजूच्या शेडमध्ये) लावते आणि पडवीतल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून एक्स्टेंशन ओढून चार्ज करते. कधी रात्रभर नीट चालतं, कधी सकाळी बघावं तर 40 टक्क्यांवर अडकलेलं आणि चार्जरच्या डब्यावर लाल दिवा. प्लगला हात लावला तर चांगला तापलेला असतो. वायरमन म्हणतो, 'कशाक होयो इतको खर्च, न्यूट्रलात लूप मारून दितंय, लाल लाइट जातलो.' शोरूमवाले म्हणतात 7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर लावा. सासरे म्हणतात घर जळेल एक दिवस, गाडी परत करा. मीटर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि घरात चुलत सासऱ्यांचाही हिस्सा आहे, ते डोंबिवलीला असतात. गणपतीत दीरही स्वतःची इलेक्ट्रिक गाडी घेऊन येणार म्हणतायत. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी एकच, तो लूप मारू देऊ नका. मारला असेल तर आजच्या आज काढायला लावा आणि तोवर गाडी बाहेर कुठेतरी चार्ज करा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

लूप म्हणजे काय ते सांगतो, कारण हा जुगाड आपल्याकडे सर्रास चालतो आणि करणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं की आपण काय करून ठेवलंय. गाडीचा चार्जर करंट सोडायच्या आधी बघतो की अर्थिंग खरंच आहे की नाही. नसेल किंवा कच्चं असेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. म्हणजे तुमचा चार्जर बिघडलेला नाही, तो बिचारा इमानदारीत सांगतोय की तुमच्या घराला अर्थिंग नाही. आता वायरमन काय करतो, सॉकेट उघडतो आणि अर्थच्या वरच्या मोठ्या पिनला आणि न्यूट्रलला, म्हणजे करंट परत जायच्या वायरीला, एक बोटभर वायरचा तुकडा जोडून देतो. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. पण गाडीचा पत्रा त्या अर्थ पिनलाच जोडलेला असतो. आता पावसाळ्यात पोलवर फांदी पडून न्यूट्रल तुटली, आणि आपल्याकडे ती किती वेळा तुटते हे मी सांगायला नको, की घरातल्या फ्रिजमधून बल्बमधून फिरून आलेला फेज, म्हणजे जिवंत करंट, त्या न्यूट्रलवर चढतो आणि लूपमधून सरळ गाडीच्या पत्र्यावर येतो. टायर रबराचे, त्यामुळे तो जमिनीत उतरत नाही, गाडी बाहेरून नेहमीसारखीच दिसते. तुम्ही सकाळी शाळेला निघताना ओल्या खळ्यातून चालत येऊन दाराच्या हँडलला हात लावणार, आणि अर्थिंगचं काम तुमच्या अंगातून होणार. ज्या घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, नाही तिथे हे थांबवणारं मध्ये काहीही नसतं.

लूप आहे की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे, मल्टिमीटर मात्र जाणकाराच्याच हातात असू दे, तुम्ही बाजूला उभं राहून आकडे बघा. फेज ते न्यूट्रल 230 च्या आसपास येईल. फेज ते अर्थ पण जवळजवळ तेवढंच यायला हवं. तिथे 100-120 असं काहीतरी लटकतं वाचन आलं, किंवा आकडा नाचत राहिला, तर अर्थची वायर कुठे जोडलेलीच नाही. आणि न्यूट्रल ते अर्थ, गाडी चार्ज होत असताना, दोन-तीन व्होल्टपर्यंत चालतं. पण लोड चालू असूनही तिथे अगदी टक्क शून्य दाखवत असेल तर आनंद मानू नका, सॉकेट उघडून बघा, बहुतेक आत तो बोटभर तुकडा सापडेल.

आता खरं अर्थिंग. तुमचं घर सड्यावर म्हणजे खाली जांभा, आणि ह्या सगळ्या प्रकरणात तोच मुख्य त्रास आहे, चार्जर वगैरे नंतर. सुका कातळ करंट सहज घेत नाही. घर बांधताना चिरे बसवले त्याच जागी हातभर खड्डा मारून, मीठ-कोळसा टाकून, एक जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा करतात आणि झालं अर्थिंग. पाच-सात वर्षांत मीठ आणि खारी हवा मिळून तो पाइप खाऊन टाकतात, वर दिसतो अख्खा आणि मातीत गेलेल्या भागाचा नुसता गंज उरलेला असतो. तुमच्याकडे कधी नीट चार्ज होतं आणि कधी अडकतं ह्याचं कारण मला तरी हेच वाटतंय: ओल असली की अर्थिंग जेमतेम पास, सुकलं की नापास. त्यातही काही चार्जर अडवताना जास्त कडक असतात, काही थोडे सैल.

म्हणून जागा घराजवळची धरू नका, ओलीची धरा. न्हाणीचं पाणी जिथे सोडलंय, विहिरीच्या बाजूला, माडांच्या आळ्याजवळ, किंवा सड्यावरून उतरून जिथे कलमांना भरलेली माती आहे तिथे. तिथपर्यंत वायर लांब न्यावी लागली तरी चालेल, अर्थची वायर 20-25 मीटर नेणं कातळात तीन मीटरचं भोक पाडण्यापेक्षा स्वस्त पडतं. तांब्याचा मुलामा असलेला इलेक्ट्रोड घ्या, आजूबाजूला बेंटोनाइटची पावडर भरून घ्या, ती पाणी धरून ठेवते. तीन मीटर खाली जाताच येत नसेल तर आडवा चर मारून पट्टी पुरतात, तेही चालतं, किंवा दोन इलेक्ट्रोड लांब लांब ठोकून एकत्र जोडायचे, पण मग दोघांमधलं अंतर एकाच्या लांबीच्या दुप्पट तरी ठेवा, चिकटून ठोकलेले दोन म्हणजे जवळजवळ एकच. झाकण असलेला चेंबर करून घ्या म्हणजे एप्रिल-मे मध्ये बादलीभर पाणी ओतता येईल.

काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून घ्या, 5 ओहमच्या आत आलं तर उत्तम. आणि हे मे महिन्यात मोजा हो. जुलैत कातळ भिजलेला असताना कुठलंही अर्थिंग पास होतं, ठेकेदारही त्याच दिवसांत मोजून दाखवायला उत्सुक असतात.

अर्थिंग कितीही छान केलं तरी आरसीसीबी हवीच, 30 मिलिअँपिअरची, गाडीच्या लाइनला वेगळी. दुकानात मागताना टाइप ए म्हणून मागा, साधी टाइप एसी देतील ती घरच्या दिव्यांना ठीक आहे, गाडीच्या चार्जरमधून डीसी गळतीचा अंश येऊ शकतो आणि त्याने टाइप एसी बधिर होते. घरी आधीच आरसीसीबी असेल आणि पावसात ट्रिप होते म्हणून कोणीतरी बायपास करून ठेवली असेल, हे पण बघून घ्या, आपल्याकडे अर्ध्या घरांत ही गोष्ट निघते.

आता तो गरम प्लग. पंधराचं सॉकेट गीझरसाठी ठीक, गीझर वीस मिनिटं चालून बंद होतो. गाडी तोच 15 अँपिअर सलग तीन तास, बॅटरी उतरलेली असेल तर रात्रभर ओढते. त्यात समुद्राच्या हवेने आतली पितळेची पट्टी काळी पडलेली, स्क्रू सैल, आणि वर तुमचं एक्स्टेंशन. एक्स्टेंशनची वायर बहुतेक 1 स्क्वेअर एमएमची असते. 30 मीटर लांबीला 15 अँपिअरवर तिच्यात 16 व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे जवळजवळ 240 वॅट नुसती उष्णता, आणि वायर गुंडाळी करून ठेवलेली असेल तर ती सगळी त्या गुंडाळीतच साठते. प्लग काढून पिना बघा, एखादी तपकिरी झाली असेल किंवा भोकाभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर ते सॉकेट आजपासून बाद, त्यात परत काही लावू नका.

आणि म्हणून सासऱ्यांना गप्प करू नका ताई, त्यांचं अर्ध्याहून जास्त बरोबर आहे. त्यांना बॅटरीची भीती वाटतेय, माझी भीती त्या सॉकेटची आणि मांगराची आहे. तुमच्या पत्रातच पुढे लिहिलंय की मांगरात पावसाळ्याची लाकडं आणि गवताच्या पेंढ्या रचलेल्या असतात. जुनं घर, वर वासे-रिपा, बाजूला सुकं गवत, आणि मध्ये रात्रभर तापणारी वायर, म्हातारा माणूस घाबरणार नाही तर काय. पेंढ्या गोठ्याकडे हलवा, लाकडं दुसऱ्या बाजूला, चार्जिंगच्या भिंतीला काहीही टेकवून ठेवायचं नाही. आणि नवीन लाइन टाकताना सासऱ्यांना तिथे खुर्ची देऊन बसवा. ज्या वायरमनला आपण दोन वाक्यं बोलू शकत नाही त्याला ते व्यवस्थित कामाला लावतील.

लाइन कशी? मेन बोर्डापासून मांगरापर्यंत सरळ वेगळी, मध्ये कुठे टॅप नाही, पंपाला जोड नाही. 15 अँपिअरला 4 स्क्वेअर एमएम तांब्याची पुरते, पण मी म्हणेन 6 चीच टाका, फरक वायरपुरता आहे, खोदाई आणि मजुरी तीच. एचडीपीईच्या जाड प्लास्टिक पाइपातून जमिनीखालून न्या, नाहीतर घुशी आहेतच. बोर्डावर 20 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच; 16 चा लावलात तर मे महिन्याच्या उकाड्यात दोन तासांनी उगाच पडत राहील. सॉकेट मेटलक्लॅड म्हणजे धातूच्या खोक्यातलं, चांगल्या कंपनीचं, वर झाकण असलेला, धूळ-पाणी आत न घेणारा आयपी 65 चा डबा. डबा मांगराच्या पूर्वेच्या भिंतीला, छातीच्या उंचीवर. आपल्याकडचा पाऊस वरून कमी आणि पश्चिमेकडून आडवा जास्त येतो, आणि पागोळ्यांच्या रेषेत तर अजिबात नको. चार्जिंगची गन टांगायला हूक करा आणि टोपी लावल्याशिवाय टांगू नका, उघड्या गनमध्ये मुंग्या घर करतात आणि मग सकाळी गाडीला गन बसतच नाही. स्क्रू वर्षातून दोनदा आवळून घ्या, मिरगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा, तसंही दसऱ्याला हत्यारं बाहेर काढतोच आपण.

वॉलबॉक्स. शोरूमवाल्यांचं चूक नाही, वॉलबॉक्स चांगलाच असतो, प्लगची भानगड नाही, संरक्षण आतच असतं. पण तुम्हाला 7.2 चा आत्ता लागत नाही. 65 किलोमीटरला बॅटरीतून साधारण नऊ-साडेनऊ युनिट जातात, चार्जिंगमधली गळती धरून भिंतीतून दहा-अकरा घ्यावे लागतात, आणि 15 अँपिअरचा पॉइंट तासाला 3.3 युनिट देतो. म्हणजे सव्वातीन तासांत विषय संपला. तुम्ही दहाला झोपता आणि सहाला उठता, 7.2 च्या बॉक्सने तेच काम दीड तासात करून उरलेली रात्र काय करायचंय? शिवाय तुमच्या मॉडेलमध्ये आतला चार्जर 7.2 घेणारा आहे का ते कागदावर बघा, छोट्या गाड्यांच्या खालच्या मॉडेलना तो 3.3 चाच असतो, मग भिंतीवर कितीही मोठा डबा लावा, गाडी तेवढंच घेणार. 7.2 म्हणजे 32 अँपिअर, त्याला तुमची पोलपासूनची जुनी सर्व्हिस वायर बदलावी लागेल आणि कदाचित थ्री फेज घ्यावं लागेल, थ्री फेजचा स्थिर आकार दरमहा बराच जास्त बसतो, गाडी चार्ज करा किंवा नका करू. ते पैसे अर्थिंगमध्ये घाला. 6 ची वायर टाकलेली असेल तर पुढेमागे मोठी गाडी आली की बॉक्स लावायला मांगरापर्यंत परत खोदावं लागणार नाही.

मीटरचं आता. मंजूर भार किती आहे ते बिलावर लिहिलेलं असतं, जुन्या घरांना बहुतेक एखाद-दोन किलोवॅटच असतो. गाडी एकटी 3.3 ओढणार, वर फ्रिज, पंप, मिक्सर, तर 5 किलोवॅटचा अर्ज करा. घरच्या मीटरवर घरची गाडी चार्ज करायला वेगळी परवानगी लागत नाही, घरगुती दरच लागतो. पण भार वाढवायला गेलात की मीटरचं नाव आडवं येतं, कारण अर्जदार हयात नाहीत. म्हणून आधी नावबदल. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती असं मागतात. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 43 मध्ये वीज मागण्याचा हक्क मालक किंवा तिथे राहणारा, दोघांनाही दिलेला आहे. म्हणजे चुलत सासरे अडून बसले तर तुमचं सगळंच अडलं असं नाही, राहत असल्याचा पुरावा देऊन मार्ग निघतो. 2024 च्या फेब्रुवारीत ग्राहक हक्क नियमांमध्ये दुरुस्ती झाली त्यानुसार गाडीसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं, ग्रामीण भागात सगळे कागद पूर्ण असले की 15 दिवसांत द्यायला हवं. पण एका गाडीसाठी दुसरा मीटर, दुसरा स्थिर आकार, मला तरी नको वाटतं, तो शेवटचा उपाय ठेवा.

आधी चुलत सासऱ्यांना फोन करा, आणि फोनवर हिस्स्याचा विषय काढू नका, मीटरचं नाव बदललं म्हणून घराची मालकी कोणाकडे जात नाही एवढंच सांगा, कारण खरी भीती तीच असते. सही गणपतीत घ्या. त्या पाच दिवसांत घरात सगळे असतात, आरती झालेली असते, पोटात मोदक असतात, डोंबिवलीहून कुरियरने सही मागवलीत तर त्याच कागदाला चार शंका निघतील.

बिलाचं थोडक्यात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर गाडीचे साधारण 260 युनिट. घरचे शंभर-सव्वाशे असतील तर तुम्ही 300 ची पायरी ओलांडताय, आणि 300 च्या पुढच्या युनिटचा दर चांगलाच चढतो. स्मार्ट मीटर लागला असेल तर दिवसाच्या वापराला सवलत आहे, शनिवार-रविवारी गाडी घरी असते तेव्हा दुपारी चार्ज करा. इतर दिवशी संध्याकाळी सात ते दहा टाळा, त्या वेळेला पंप आणि टीव्ही सगळ्या वाडीत चालू असतात आणि व्होल्टेज झोपलेलं असतं. रात्री अकरानंतरचा टायमर लावा. व्होल्टेज कायमच 190 च्या खाली राहत असेल तर 1912 ह्या वीज तक्रारीच्या नंबरवर तक्रार नोंदवून नंबर घेऊन ठेवा, गाडीसाठी स्टॅबिलायझर विकत घेऊ नका.

वीज कडकडायला लागली, मे अखेरचं अवकाळी असो की ऑक्टोबरातला परतीचा, एमसीबी पाडून प्लग काढून ठेवायचा. बोर्डात सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक चढलेलं व्होल्टेज अडवणारा डबा, बसवून घ्याच, पण जवळ पडलेल्या विजेपुढे त्याच्या भरवशावर राहू नका. आणि वादळाचा इशारा आला की आदल्या दिवशी गाडी पूर्ण भरून ठेवा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती, तसं झालं तर निदान तालुक्याला जाऊन येण्याइतकं बॅटरीत असू दे.

सोलरचं तुम्ही ओझरतं विचारलंय. पीएम सूर्यघर ह्या केंद्राच्या योजनेत 3 किलोवॅटला 78,000 पर्यंत अनुदान आहे आणि वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला 300 च्या वर युनिट मिळतात, म्हणजे तुमची गाडी जवळपास फुकट. पण पावसाचे चार महिने फार अपेक्षा ठेवू नका, कौलांवर पॅनेल बसवायचे तर वाशांचं वजन आधी कोणीतरी बघायला हवं, आणि तो अर्जही मीटर ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने जातो. तेव्हा नावबदल झाल्याशिवाय सोलरवाल्यांना घरी बोलावू नका, ते अ‍ॅडव्हान्स मागतात.

राहिले दीर. त्यांची गाडी मोठी असणार, तुमच्या पॉइंटवर ती रिकामी लावली तर दहा-बारा तास अडवून ठेवेल आणि तुमची तशीच राहील. त्यांना आत्ताच सांगून ठेवा की हायवेवर डीसी म्हणजे जलद चार्जरवर भरून मग गावात या, इथे रोज थोडी थोडी भरायची, ती पण दुपारी. आणि चुकूनही दोन गाड्या एका सॉकेटवर मल्टिप्लग लावून जोडायच्या नाहीत, मुंबईहून आलेली माणसं पहिल्याच रात्री हेच करतात.